नमुना आणलाय का?

जुन्या ट्रकचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात जाऊन तुम्ही म्हणालात, "शेठ, टाटा बारा-दहाच्या मागच्या चाकाचा सील द्या," तर शेठ फळीकडे हात नेण्याआधी विचारतात, "नमुना आणलाय का?" नवखा गाडीमालक यावर वैतागतो. गाडीचं नाव सांगितलं, वर्ष सांगितलं, हवं तर आरसी दाखवतो म्हणाला, आणि तरीही शेठना काय हवंय, तर चाकातून काढलेला तो तेलकट, फाटका जुना सील! शेवटी मुलाला गॅरेजवर पिटाळावं लागतं. तो वर्तमानपत्रात गुंडाळून सील आणतो, शेठ फडक्यानं त्याची कड पुसतात, डोळ्याजवळ नेऊन त्यावरचे पुसट आकडे वाचतात आणि मागच्या रांगेतून नेमकी डबी काढून देतात. डबीवर टाटाचं नाव नसतंच.

या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या एका प्रश्नात आहे. ट्रकचं नाव ही ट्रकची ओळख झाली, पार्टची नाही. पार्टला स्वतःचं नाव, स्वतःचं माप आणि स्वतःचं कूळ असतं. ते ज्याला वाचता येतं, त्याची वीस-तीस वर्षांची गाडी रस्त्यावर राहते. ज्याला येत नाही, त्याची गाडी चारशे रुपयांच्या वस्तूसाठी महिनाभर जॅकवर उभी राहते.

बाजारातून आणलेला नट बाजारातल्याच दुसऱ्या दुकानातून आणलेल्या बोल्टवर चढतो, यात आज कुणाला नवल वाटत नाही. दोन-सव्वादोन शतकांपूर्वी तो चढत नसे. लोहार नट आणि बोल्ट जोडीनं घडवायचा आणि ती जोडी आयुष्यभर एकत्र राहायची. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ नावाच्या बंदूक कारागिरानं हे बदलायचा प्रयत्न केला. १७८५ साली टॉमस जेफरसन पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील होता. त्यानं ब्लाँच्या कारखान्यात ढिगातून हाताला लागतील ते तुकडे उचलून बंदुकीचा चाप स्वतः जुळवून पाहिला आणि तसं मायदेशी कळवलं. १८४१मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं स्क्रूच्या आट्यांचा कोन ५५ अंश असावा आणि कोणत्या जाडीला इंचात किती आटे असावेत, हे ठरवून मांडलं. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते.

मोटारींच्या जगात भागांच्या अशा अदलाबदलीची खरी कसोटी १९०८ साली लागली. ब्रिटनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबनं कॅडिलॅक कंपनीच्या तीन मोटारी घेतल्या आणि ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर त्या पूर्ण खोलल्या. सगळे भाग एकत्र कालवले. त्यातले सुमारे नव्वद भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले नवे घातले. मग मेकॅनिकांच्या हाती फक्त पाने आणि स्क्रू ड्रायव्हर देऊन त्या ढिगातून पुन्हा तीन मोटारी उभ्या करायला सांगितलं. कानस चालवायची परवानगी नव्हती. मोटारी उभ्या राहिल्या, एकीचा भाग दुसरीच्या रंगाचा अशा विजोड अवस्थेत सुरू झाल्या आणि प्रत्येक मोटार ५०० मैल धावली. कॅडिलॅकला त्याबद्दल ड्यूअर चषक मिळाला. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडचा प्रत्येक ट्रक मिस्त्री रोज सकाळी हीच परीक्षा देत असतो. फरक एवढाच की ब्रुकलँड्सच्या तिन्ही मोटारी एकाच कारखान्याच्या, एकाच मॉडेलच्या आणि नव्याकोऱ्या होत्या. मिस्त्रीच्या पुढ्यात उभा असतो तीन मालकांच्या हातांतून गेलेला, दोनदा इंजिन बांधलेला ट्रक. त्याचं मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलेलं असतं.

म्हणून मिस्त्री आधी गाडीचं कूळ शोधतो.

भारतातल्या जुन्या ट्रकांची कुळं मोजकी आहेत. सगळ्यात मोठं टाटाचं. १९५४ साली टेल्को आणि जर्मनीच्या डायम्लर-बेंझनं १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होऊ लागले. १९६९मध्ये करार संपला, बॉनेटवरची तीन टोकांची चांदणी गेली, तिच्या जागी 'टी' आला. आतलं शहाणपण मात्र बराच काळ जर्मन राहिलं. ते आकड्यांतून आणि अक्षरांतून अजून बोलतं. मॉडेलच्या नावात आधी वजन, मग ताकद. १२१० म्हणजे साधारण १२ टनांची आणि १०० अश्वशक्तीच्या आसपासची गाडी, १६१३ म्हणजे १६ टन आणि १३०, ४०७ म्हणजे ४ टन आणि ७०. टिपरच्या नावातला 'के' हा जर्मन 'किपर'चा, म्हणजे उलटणाऱ्या हौद्याचा. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या नावातला 'एस' म्हणजे 'झाटल', अर्थात खोगीर.

इंजिनाच्या नावात तर अख्खं माप लिहिलेलं आहे. टाटाचं ६९७ इंजिन म्हणजे ६ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक १२८ मिलिमीटर. गुणाकार करून पाहा, ५,६७५ घनसेंटिमीटर येतात. मर्सिडीजच्या ओएम ३५२ या इंजिनाचे बोअर, स्ट्रोक आणि घनफळ अगदी हेच. हे इंजिन १९६४मध्ये आलं आणि पुढे ब्राझील, अर्जेंटिना, इराण, तुर्कस्तान अशा देशांत पिढ्यान्पिढ्या ट्रक ओढत राहिलं. जुनं ६९२ म्हणजे ६ सिलिंडर, ९२चा बोअर, १२०चा स्ट्रोक, पावणेपाच लिटरच्या थोडं वर. आणि १९८६ साली पुण्यात तयार होऊ लागलेल्या ४०७चं इंजिन ४९७, म्हणजे ४ सिलिंडर आणि पुन्हा तोच ९७चा बोअर, पण स्ट्रोक १००.

इथेच पहिला सापळा आहे. बारा-दहा या एका नावाखाली जुन्या गाड्यांत ६९२ सापडतं आणि नंतरच्या गाड्यांत ६९७. मध्येच कुणी मालकानं इंजिन बदललेलं असेल तर गाडीचं वर्षही उपयोगाचं नाही. दुकानात फक्त 'बारा-दहाची रिंग द्या' म्हणणं म्हणजे नाणं उडवून खरेदी करण्यासारखं आहे. दुसरा सापळा याहून चलाख आहे. ६९७ आणि ४९७ या दोघांचा बोअर ९७च आहे, मग एकाचा पिस्टन दुसऱ्यात चालेल का? सिलिंडरच्या तोंडातून तो आत जाईल. पण पिस्टनची पिन त्याच्या माथ्यापासून किती खाली आहे, माथ्यावरची वाटी कोणत्या आकाराची आहे, रिंगांच्या खाचा किती रुंद आहेत, यातलं एक माप जरी वेगळं असलं तरी पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हला धडकेल किंवा कॉम्प्रेशनच मिळणार नाही. गॅरेजमध्ये दोन वेगळे शब्द आहेत, ते नीट ध्यानात ठेवावेत. पार्ट 'बसतो' आणि पार्ट 'चालतो'. बसलेला प्रत्येक पार्ट चालत नाही.

दुसरं मोठं कूळ अशोक लेलँडचं. १९४८मध्ये चेन्नईत अशोक मोटर्स सुरू झाली आणि १९५५मध्ये ब्रिटनच्या लेलँड मोटर्सशी जोडली जाऊन तिचं अशोक लेलँड झालं. ब्रिटिशांचा हिशेब इंचांचा. लेलँडचं ३७० इंजिन म्हणजे ३७० घनइंच, साधारण ६ लिटर. टाटाचं नाव मिलिमीटरमध्ये आणि लेलँडचं इंचात, हा फरक नावापुरता नव्हता, तो प्रत्येक नटापर्यंत पोचलेला होता. टाटाच्या गाडीला १७-१९चा पाना, लेलँडच्या जुन्या गाडीला सुतांचा पाना. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच. आजही लेथवरचा जुना टर्नर मिलिमीटरच्या ड्रॉइंगकडे पाहत सुतात बोलतो आणि बारीक काम आलं की थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात.

हा दोन मापांचा संसार धोक्याचा असतो. अडीच सुताचा, म्हणजे पाच-सोळांश इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाड आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट ८ जाड. डोळ्यांना दोन्ही जुळे भाऊ. पण एकाचे आटे इंचाच्या हिशेबात कापलेले, दुसऱ्याचे १.२५ मिलिमीटरच्या पिचवर. एका मापाचा बोल्ट दुसऱ्या मापाच्या नटात दोन-तीन फेरे छान जातो, मग घट्ट होतो, आणि नवशिक्याला वाटतं की गंज आहे. तो पाना दाबतो. आटे चिरडतात आणि बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण प्रत्यक्षात तो दोनच आट्यांवर लटकलेला असतो. स्प्रिंगच्या कमानीवरचा किंवा स्टीअरिंगच्या ब्रॅकेटमधला बोल्ट असा लटकला, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून नियम एकच : नट हातानं, पान्याशिवाय, शेवटपर्यंत चढला पाहिजे. अडला तर उतरवा आणि पिच गेजनं आटे मोजा. गेज फार महाग नसतो.

आता चांगली बातमी. ट्रकमधले कितीतरी भाग ट्रकच्या कंपनीचे नसतातच. ते साऱ्या जगाचे असतात.

बेअरिंग घ्या. त्याच्या कडेवर कोरलेला नंबर पाहा, समजा ६३०८. यातला ६ म्हणजे गोळ्यांची एक रांग असलेलं साधं बेअरिंग, ३ म्हणजे त्याची जाडजूड मालिका, आणि शेवटच्या दोन आकड्यांना ५ने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास : ०८ गुणिले ५, म्हणजे ४० मिलिमीटर. बाहेरचा व्यास ९० आणि रुंदी २३. हे माप स्वीडनमधलं बेअरिंग असो की जपानमधलं, की आपल्याकडचं, बदलत नाही, कारण ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. ६२०५ असेल तर २५, ५२ आणि १५. ही पाचाची युक्ती ०४पासून पुढे चालते. त्याखालच्या चार आकड्यांचे हिशेब वेगळे आहेत. तेव्हा डायनॅमोचं बेअरिंग गेलं आणि 'त्या कंपनीचा डायनॅमो आता मिळत नाही' असं कुणी म्हणालं, तर घाबरू नका. डायनॅमो मिळत नसेल, बेअरिंग मिळतं.

दोन खबरदाऱ्या मात्र घ्याव्या लागतात. नंबरच्या पुढे असलेल्या अक्षरांकडे दुर्लक्ष करू नका. सी-३ लिहिलेलं बेअरिंग आतून किंचित सैल असतं, कारण गरम जागी फिरताना ते फुगणार हे धरून ते बनवलेलं आहे. तिथे साधं घातलं तर ते तापून आवळलं जाईल. आणि चाकाच्या हबमधलं निमुळतं रोलर बेअरिंग बदलताना आतला कोन आणि बाहेरचा कप दोन्ही बदला. झिजलेल्या कपावर नवा कोन बसवून पैसे वाचत नाहीत, काही हजार किलोमीटर वाचतात, आणि तेही उधारीवर.

सीलची भाषा याहून सोपी. ५०-७२-१० असं कडेवर लिहिलेलं असतं : शाफ्टचा व्यास ५०, ज्या घरात तो बसतो त्याचा व्यास ७२, जाडी १०. तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये. सुरुवातीला शेठ सीलची कड पुसून हेच वाचत होते. आकडे पुसले गेले असतील तर व्हर्निअरनं शाफ्ट आणि हौसिंग मोजा, फाटलेला सील मोजू नका, रबर ताणलेलं असतं. फॅनबेल्टचंही असंच. ए म्हणजे वर १३ मिलिमीटर रुंद, बी म्हणजे १७, आणि पुढचा आकडा लांबीचा. टायर तर गावातल्या लहान पोरालाही ठाऊक : नऊशे-वीस म्हणजे ९ इंच रुंद आणि २० इंचांच्या रिमवर बसणारा, हजार-वीस म्हणजे १० इंच रुंद. मागच्या जोडचाकात एक नऊशे आणि एक हजार असं कुणी लावलं की उंच टायर सगळं वजन उचलतो आणि तापून फुटतो. इथे टायर रिमवर बसतो, पण जोडीत चालत नाही.

मग येतात पुरवठादारांचे भाग. डिझेल पंप, स्टार्टर, एअर ब्रेकचे व्हॉल्व्ह, क्लच, स्टीअरिंग बॉक्स हे ट्रक कंपनी स्वतः क्वचित बनवते. जुन्या गाडीवरचा पंप बहुधा मायकोचा, म्हणजे १९५१ साली बंगळुरूत बॉशच्या साथीनं सुरू झालेल्या कंपनीचा. पंपावर नंबरची पट्टी असते आणि खरेदीची खरी किल्ली तीच. ट्रकचं मॉडेल सांगून पंप मागू नका, पट्टीवरचा नंबर सांगा. दोन पंप शेजारी ठेवले तर अगदी सारखे दिसतात, बोल्टची भोकं जुळतात, पाइप जुळतात. पण आतल्या प्लंजरचा व्यास, गव्हर्नरच्या स्प्रिंगा, इंजिनाचं डिझेल कोणत्या फेऱ्यांवर तोडायचं, हे सगळं निराळं असतं. चुकीच्या पंपावर इंजिन सुरू होतं, मालक खूश होतो आणि मग पहिल्याच घाटात काळा धूर सोडत पिस्टन जाळतं. पंप बदलला की कॅलिब्रेशनच्या बेंचवर तो लावून घ्यायलाच हवा. स्टार्टरच्या बाबतीत पिनियनचे दात, ते घड्याळाच्या दिशेनं फिरतात की उलट, आणि १२ व्होल्ट की २४, हे तीन प्रश्न दुकानात शिरण्याआधी सुटलेले हवेत. क्लच प्लेटचं असंच : बाहेरचा व्यास, मधल्या दात्यांची संख्या आणि त्या दात्यांचा व्यास. नमुना नेला की हे सगळं एकदम नेलं जातं.

उरले ते ट्रक कंपनीचे स्वतःचे भाग : गिअर, एक्सल, क्राउन-पिनियन, ब्लॉक, क्रँक. इथे नंबर वाचायला शिका. टाटाचा पार्ट नंबर १२ आकडी असतो आणि त्याची बांधणी मर्सिडीजच्या रीतीची आहे. पहिले चार आकडे तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी आखला गेला ते सांगतात, पुढचे दोन भागाचा गट : २५ म्हणजे क्लच, २६ गिअरबॉक्स, ३२ कमानपाटे, ३५ मागचा एक्सल, ४२ ब्रेक, ४६ स्टीअरिंग. म्हणजे कास्टिंगवर अर्धवट वाचता येणाऱ्या आकड्यांतूनसुद्धा भंगारातला तुकडा कशाचा ते कळतं. आणि त्याहून मोलाची गोष्ट : सोळा-बाराच्या एक्सलमधून निघालेल्या भागावर पहिले चार आकडे एखाद्या वेगळ्याच जुन्या मॉडेलचे सापडले, तर समजावं की कंपनीनं नवी गाडी काढताना हा भाग बदललेलाच नाही. तो त्या जुन्या मॉडेलमधूनही मिळेल. कारखान्याला नवं मॉडेल काढताना सगळंच नवं करणं परवडत नाही, आणि जुन्या गाडीच्या मालकाचा सगळा दिलासा या काटकसरीत आहे.

क्राउन-पिनियन हा त्यातला सर्वांत फसवा भाग. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, हा झाला रेशो. ४१ आणि ६ असतील तर ६.८३. ३७ आणि ६ असतील तर ६.१७. दोन्ही संच एकाच हौसिंगमध्ये बसू शकतात, आणि ६.१७चा संच बसवला की रिकामी गाडी हायवेवर छान पळते. मग उसानं भरलेला ट्रक चढावर पहिल्या गिअरमध्येसुद्धा रडू लागतो आणि क्लच जळतो. दहा चाकी टिपरला मागचे दोन्ही एक्सल ओढणारे असतात. त्यात एकाचा रेशो वेगळा पडला तर दोन्ही एक्सल एकमेकांशी झटापट करत स्वतःलाच तोडतात. दात मोजा. हात काळे होतील, पण मोजा. आणि क्राउन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकत्र घासून जुळवलेली असते, दोन्हींवर जोडीचा खुणेचा नंबर असतो. एक याचा आणि एक त्याचा, असं करू नका.

इंजिन बांधताना आणखी एक पायरी येते. क्रँक घासून लहान केला की त्याला तेवढी जाड बेअरिंग लागतात. मिस्त्री म्हणतात 'दहा साइज झाली', 'वीस साइज झाली'. दहा म्हणजे दहा थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर. वीस म्हणजे अर्धा. तेव्हा पूर्वी बांधलेल्या इंजिनासाठी पार्ट नंबरही पुरत नाही, साइजही सांगावी लागते, आणि ती मायक्रोमीटरशिवाय कळत नाही. मागच्या मालकानं दिलेल्या शब्दावर बेअरिंग आणू नये.

सगळ्यात अवघड गाड्या त्या, ज्यांचं कूळच बुडालं. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्यानं डॉज आणि फार्गो हे ट्रक तयार होत. नावं दोन, गाडी एकच. फक्त तोंडावरचा बिल्ला वेगळा. फार्गोच्या मालकाला डॉजचा प्रत्येक पार्ट चालायचा आणि ज्याला हे माहीत होतं त्याला बाजार दुप्पट मोठा होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर चार जपानी हलके ट्रक एकदम आले : डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, स्वराज माझदा आणि आयशर मित्सुबिशी. शेवटचे दोन टिकले, पहिल्या दोघांच्या कंपन्या पुढे दुसऱ्यांच्या हाती गेल्या आणि गाड्या पोरक्या झाल्या. त्यांच्या मालकांना वाट सापडली ती परदेशातल्या मूळ गाडीच्या नावातून, डायना आणि कॅबस्टार या नावांतून. हिंदुस्तान मोटर्सच्या बेडफर्डचं तसंच. बेडफर्ड ब्रिटनमध्ये बंद पडलं, पण पाकिस्तानच्या रस्त्यांवर रंगीबेरंगी बेडफर्ड त्यानंतरही धावत राहिले, कारण तिथल्या कारागिरांनी त्याचे भाग स्वतः ओतायला आणि कापायला घेतले. आपल्याकडे कोल्हापूरच्या उद्यमनगरात, फाउंड्रीपासून लेथपर्यंत सगळं एका हाकेवर असलेल्या ठिकाणी, नमुना घेऊन गेलात तर तसाच भाग ओतून मिळू शकतो. पुन्हा तोच शब्द, नमुना.

अमेरिकेत हे 'कुठला पार्ट कशाला बसतो'चं ज्ञान १९३४मध्येच पुस्तकात आलं. मिनेसोटात निघालेली हॉलंडरची इंटरचेंज यादी भंगार यार्डांसाठी होती : अमुक साली अमुक गाडीचा एक्सल तमुक गाडीत चालतो, असे तक्ते. यार्डवाल्याला गाडीचं नाव सांगितलं की तो तक्ता पाहून दहा पर्याय सांगायचा. आपल्याकडे दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचं मल्लिक बाजार, मुंबईचं कुर्ला इथे हेच ज्ञान आहे, पण ते माणसांच्या डोक्यात आहे. माझ्या माहितीतल्या एका मिस्त्रींकडे चाळीस वर्षांची एक वही होती. कव्हर गेलेली, ग्रीसच्या बोटांची. त्यात 'हा सील त्याला चालतो, पण ओठ आत ठेवणे' अशा ओळी. त्यांच्या मुलानं गॅरेज विकलं तेव्हा ती वही कुठे गेली, कुणालाच ठाऊक नाही. एका पुस्तकाएवढं ज्ञान त्या दिवशी गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

दोन ठिकाणी मात्र मी पर्यायी पार्टच्या विरोधात ठाम आहे. ब्रेक आणि स्टीअरिंग. एअर ब्रेकच्या डब्यावर टाइप २४ किंवा टाइप ३० लिहिलेलं असतं. तो आकडा आतल्या पडद्याच्या प्रभावी क्षेत्रफळाचा, चौरस इंचांत. दर चौरस इंचाला १०० पौंड हवा धरली तर २४चा डबा २,४०० पौंडांनी ढकलतो आणि ३०चा ३,०००नी. एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला तो लावला तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला खेचली जाते, आणि ओल्या रस्त्यावर ती फिरते. हँडब्रेकच्या स्प्रिंगचा डबा तर घरी उघडूच नये. त्यातली दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, तिची धूळ तोंडानं फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. स्टीअरिंगचे बॉल जॉइंट, किंगपिन आणि ड्रॅग लिंक वेल्डिंग करून वापरू नका. तुटलेला गिअर गाडी थांबवतो, तुटलेली ड्रॅग लिंक गाडी थांबवत नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार आरसीतला तपशील बदलेल असा फेरफार मनमानीनं करता येत नाही. दुसऱ्या गाडीचं इंजिन घालायचं तर परिवहन कार्यालयाची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. जुन्या बाजारातून इंजिन घेताना पावती घ्याच, आणि इंजिनवरचा नंबर कोरलेला आहे की खरवडून पुन्हा ठोकलेला, ते उजेडात पाहा. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या कापण्यासाठी इतका बदनाम झाला की २०२१च्या अखेरीस पोलिसांनी तो बंदच पाडला. चोरीचा पार्ट कितीही नेमका बसला तरी तो घेऊ नये.

जुना ट्रक चालवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. गाडीसोबत एक वही ठेवा. प्रत्येक बदललेल्या भागाचा नंबर, माप, कुठून आणला आणि किती टिकला, ते त्याच दिवशी लिहा. मागच्या पानावर मिस्त्रींकडून त्यांना ठाऊक असलेले पर्याय लिहून घ्या, ते हयात आहेत तोवर. आणि नवा पार्ट बसून गाडी भरल्या वजनानं एक खेप करून परत येईपर्यंत जुना पार्ट भंगारात देऊ नका. पुढच्या वेळी नमुना म्हणून तोच न्यायचा आहे.